पियानो धडधाकट होता

चांगल्या पियानोच्या चार पट्ट्या बंद पाडून द्या, असं मला आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी सांगितलं, आणि तेही माझ्याच पियानो-दुरुस्तीच्या कारखान्यात बसून, माझाच चहा पीत.

सांगणारे होते संगीत विद्यालयाचे संचालक. माणूस वाईट नाही. माझ्या थोरल्या बहिणीचाच विद्यार्थी. एवढा मोठा झाला तरी ताईसमोर अजून खुर्चीच्या कडेवर बसतो. शहरातलं जुनं हॉटेल मोडीत निघालं तेव्हा तिथला काळा उभा पियानो याने धावाधाव करून विद्यालयासाठी मिळवला. नव्या सभागृहाला ताईचं नाव द्यायचं, त्या दिवशी ताईने याच पियानोवर वाजवायचं, असं ठरवलं. इथवर सगळं उत्तम होतं. मग त्याने झाकण उघडून डावीकडच्या पट्ट्या दाबून पाहिल्या आणि त्या सगळ्याच्या सगळ्या वाजल्या.

"काका, जरा घोटाळा झालाय," तो म्हणाला. "पियानो व्यवस्थित वाजतोय."

"अभिनंदन," मी म्हटलं.

"तसं नाही हो. मॅडमच्या त्या चार मेलेल्या पट्ट्या असतात ना, त्या मधे कुणीतरी दुरुस्त केलेल्या दिसतात. लोक येणार ते त्याच बघायला. तुम्ही त्या परत बंद करून द्याल का? म्हणजे, होत्या तशा."

होत्या तशा! माझ्या हातात तार कापायची कात्री होती. ती मी आधी खाली ठेवली.

ज्यांना ती गोष्ट ठाऊक नाही त्यांना सांगून टाकतो, म्हणजे मी उगाच आदळआपट करत नाही हे कळेल. ताई विशीत असताना त्या हॉटेलात एका जॅझ बँडबरोबर वाजवायला बसली. पियानो म्हणे भंगार होता. डाव्या हाताखालच्या चार पट्ट्या मेलेल्या. बिचारी पोर काय करणार? तिने त्या पट्ट्या चुकवून चुकवून वाजवलं, आणि त्या चुकवण्यातून एक नवीच हार्मनी जन्माला आली, जी आज जगभरचे पियानोवाले वाजवतात. ही गोष्ट पुस्तकांत आहे. रेकॉर्डच्या पाकिटांवर आहे. विद्यालयातली पोरं डावीकडच्या पट्ट्यांवर चिकटपट्टी लावून सराव करतात, मॅडमसारखं वाजावं म्हणून. त्या चिकटपट्टीचा गोंद खरवडून काढायला कोणाला बोलावतात? मला.

गोष्ट गोड आहे. फक्त तिच्यात एक अडचण आहे. तो पियानो मी सुरात लावला होता.

आमचे वडील पियानो दुरुस्त करायचे, लावायचे. त्यांच्या हाताखाली मी शिकलो, आणि मी एकट्याने केलेलं पहिलं काम म्हणजे तो हॉटेलचा पियानो. ताई तिथे वाजवायला बसली त्या दिवशी सकाळी जाऊन मी एकेक तार लावली. बाबा नंतर बघायला आले, सगळ्या पट्ट्यांवरून खालपासून वरपर्यंत बोट फिरवलं आणि म्हणाले, "ठीक आहे." बाबांच्या तोंडून ठीक आहे निघणं म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून सुवर्णपदक. आणि त्यानंतर सगळं आयुष्य मी काय ऐकलं? कुठेही ओळख करून दिली की माणूस डोळे मिचकावून म्हणतो, "अच्छा, त्या पियानोचे ट्यूनर तुम्हीच का? बरं झालं हो, तुम्ही नीट काम केलं नाहीत!" हसायचं तरी किती आणि कुणाकुणाशी?

बरं, माझं सोडा. मी कातडी जाड करून घेतली. पण थोडा हिशोब करून बघा. सूर बारा असतात. कॉर्ड बाराही सुरांवर बांधता येते. पट्ट्या मेल्या चार, मग ताईने कॉर्डचा पायाचा सूर, तो काय ते सांगतोच, बाराही ठिकाणी का सोडला? बाकीच्या पट्ट्या काय सुट्टीवर होत्या? इतक्या विद्वानांनी इतकी पानं लिहिली, पण हे साधं विचारावंसं एकालाही वाटलं नाही, कारण गोष्ट गोड होती.

ताईने केलं काय ते साध्या शब्दांत सांगतो. कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले तीन-चार सूर. त्यातला एक पायाचा. त्याच्यावरूनच कॉर्डचं नाव ठरतं. त्या काळी पियानोवाल्याचा डावा हात सतत त्या पायावर ठाण मांडून असायचा. गंमत अशी की बँडमध्ये शेजारीच डबल बेसवाला, म्हणजे माणसाहून उंच व्हायोलिनसारखं वाद्य घेतलेला, उभा असतो, आणि त्याचं कामही तेच, पायाचा सूर धरणं. ताई म्हणायची, एका दाराला दोन राखणदार कशाला, एकाने घरी जावं. मग तिने आपल्या डाव्या हाताला घरी पाठवलं नाही, वर पाठवलं. पट्ट्यांच्या मधल्या भागात. पायाचा सूर सोडून दिला आणि त्या मोकळ्या झालेल्या बोटाने असे सूर धरले जे एकमेकांना खेटून बसतात, थोडे कुरकुरतात, आणि त्या कुरकुरीतूनच कॉर्डला रंग चढतो.

हे सगळं आमच्या कारखान्यात झालं. मी तिथेच होतो, कुठल्या तरी पियानोच्या पोटात डोकं घालून. आमच्या घरचा असा पियानो नव्हताच. दुरुस्तीला आलेल्या पियानोंवर ताईचा सराव चालायचा. गिऱ्हाईक पियानो घेऊन गेलं की ही शेजारच्या पियानोवर सरकायची आणि तिथून पुढे चालू. एकदा ती असंच काहीतरी परत परत वाजवत होती आणि बाबा दुसऱ्या पियानोच्या मागून ओरडले, "अगं, पाया कुठे गेला?"

"आहे बाबा. तुम्हाला ऐकू येतोय ना?"

बाबांनी हातातलं काम थांबवलं. ताईने परत वाजवलं. बाबांनी मान तिरकी करून कान दिला. मग म्हणाले, "येतोय खरा."

"मग मी कशाला वाजवू?"

बाबांनी माझ्याकडे बघून नुसते खांदे उडवले, पण त्यानंतर त्यांनी तिला कधी टोकलं नाही.

महिनोन्‌महिने ती हेच करत होती. आज या सुरावरून, उद्या त्या सुरावरून, बाराच्या बारा. जेवताना टेबलाच्या कडेवर तिचा डावा हात चालूच असायचा; आई म्हणायची, आधी घास घे, मग वाजव. मधेच ती एका उंच, अबोल पोराला घेऊन आली. तो बँडमध्ये डबल बेस वाजवायचा. इतका उंच आणि इतका गप्प की आम्ही त्याचं नाव खांब ठेवलं. पुढे तोच खांब आमचा भावोजी झाला. ताई कॉर्ड धरून ठेवायची आणि हनुवटीने त्याला खूण करायची. तो खाली भलताच सूर वाजवायचा, आणि वरचे सूर तेच असूनही सगळी कॉर्डच बदलून जायची. पाया सुटल्यामुळे त्या सुरांना आता दोन दोन घरं झाली होती. कुठल्या घरात जायचं ते ताई ऐनवेळी ठरवायची. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, आणि मी काही फार हळवा माणूस नाही.

तर हे असं डोकं लढवून, घासून घासून केलेलं काम. आणि श्रेय कोणाला? चार मेलेल्या पट्ट्यांना.

हॉटेलातल्या त्या पहिल्या संध्याकाळनंतर एका वर्तमानपत्रात ती मेलेल्या पट्ट्यांची गोष्ट पहिल्यांदा छापून आली. तेव्हापासून ते वर्तमानपत्र मी घरात येऊ दिलेलं नाही. बायको शेजारी जाऊन वाचते.

ताईचं मात्र भलं झालं, हे कबूल करायला पाहिजे. त्या हॉटेलातून ती मोठ्या बँडमध्ये गेली, मग स्वतःचं त्रिकूट काढलं, रेकॉर्डी निघाल्या, परदेशातून बोलावणी आली. तिच्या मागून आलेल्या पियानोवाल्यांचे डावे हात एकेक करून पाया सोडायला लागले. आता तर पोरं तसंच शिकतात, दुसरंही काही होतं हेही त्यांना ठाऊक नसतं. मधे काही वर्षं वाईट गेली. जॅझ कुणाला नको होतं. तेव्हा ताई एका बुटांच्या दुकानाच्या उद्घाटनाला वाजवायला गेलेली मी पाहिली आहे, आणि तिथेही तिने गाणं असं काही फिरवलं की एक बाई एक पाय बुटात आणि एक पाय बाहेर अशी ऐकत उभी राहिली. नंतर तरुण पोरांनी तिच्या जुन्या रेकॉर्डी शोधून काढल्या आणि ताई पुन्हा वर आली. आता ती म्हातारी आहे, सगळ्यांची मॅडम आहे, आणि वाजवते ते पूर्वीपेक्षा निम्म्या सुरांत आणि दुप्पट चांगलं. मी भाऊ म्हणून नाही, कान असलेला माणूस म्हणून सांगतोय. बरं, भाऊ म्हणूनही सांगतोय.

तर संचालकाला मी म्हटलं, ताईला विचारून सांगतो. आणि डोक्यात राख घालून थेट तिच्या घरी गेलो.

ताई स्वयंपाकघरात शेंगा सोलत होती. भावोजी खिडकीपाशी बेसच्या तारा पुसत होते. मी दारातूनच सुरुवात केली. "ऐकलंस का? तुझा तो लाडका विद्यार्थी मला म्हणतोय, पियानो बिघडवून दे! आता कळस झाला. इतके दिवस लोकांनी नुसती थाप मारली, आता त्या थापेला पुरावा म्हणून मी पियानो मोडायचा!"

मला वाटलं, ती हसेल. आधी हसलीच. मग हसणं थांबलं आणि ती शेंगांच्या टोपलीकडे बघत राहिली.

"करून दे त्याला पाहिजे तसं," ती म्हणाली.

"काय?"

"बस जरा. ओरडू नकोस. ती थाप लोकांनी मारली नव्हती. मी मारली होती."

मी बसलो. उभं राहण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मग तिने सांगितलं. बँडचा म्होरक्या ट्रम्पेटवाला होता, सगळे त्याला कॅप्टन म्हणायचे. तो कडक माणूस. कुणी त्याच्या मनाविरुद्ध सूर लावला की दुसऱ्या दिवशी त्याच्या खुर्चीवर दुसरा बसलेला असायचा. त्या संध्याकाळी पहिला भाग संपला आणि त्याने ताईला हॉटेलच्या स्वयंपाकघराच्या दाराशी गाठलं.

"म्हणाला, हे काय चालवलंयस? पाया खाल्लास सगळा. उद्यापासून येऊ नकोस." ताई शेंग हातात तशीच धरून बोलत होती. "मी काय उत्तर द्यायचं ते किती दिवस घोकून ठेवलं होतं. कॅप्टन, बेस पाया धरतोच आहे, मी विचार करून सोडलाय, असं असं आहे, ऐका तर खरं. सगळं पाठ होतं. तोंड उघडलं आणि बाहेर काय पडलं? कॅप्टन, खालच्या पट्ट्या अडकतायत, म्हणून वरच्यावर भागवलं."

"मग?"

"मग काय! खो खो हसला. पाठीवर थाप मारली. म्हणाला, शाब्बास, हुशार आहेस, मोडक्या पियानोवर निभावून नेलंस! दुसऱ्या भागातही तसंच वाजव, लोकांना आवडतंय. आणि स्वतःच जाऊन त्या वर्तमानपत्रवाल्याला सांगून आला." तिने शेंग टोपलीत टाकली. "मुद्दाम केलं म्हटलं असतं तर मी आगाऊ ठरले असते. पट्टी अडकली म्हटलं तर हुशार ठरले. मला ती जागा हवी होती रे. त्या बँडशिवाय मी हे वाजवणार कुठे होते?"

"आणि मी?" माझा आवाज चिरकला. "पियानो मी लावला होता. सकाळीच."

"तुझं नाव घेतलं नव्हतं मी."

"पियानोचं घेतलंस! पियानोचं नाव घेतलंस की माझंच घेतल्यासारखं आहे."

मी खरंच दुखावलो होतो. लहानपणी मार पडला तरी मी ताईवर कधी रुसलो नव्हतो, पण त्या दिवशी रुसलो. त्यात त्या बिचाऱ्या वर्तमानपत्राची आठवण झाली. त्याने तर जे ऐकलं तेच छापलं होतं, आणि मी मात्र त्याला जन्मभर वाळीत टाकून बसलो होतो.

"मला वाटलं, आठवडाभराची गोष्ट आहे," ती म्हणाली. "नंतर कॅप्टनला खरं सांगेन. तेवढ्यात ते पसरलं. मग कुणी विचारलं की मी नुसती हसायचे. हसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, अशी मनाची समजूत घालायचे."

"मग आता सांग."

"आता? या वयात? उभी राहून सांगू की मी इतकी वर्षं तुम्हाला बनवलं? लोक म्हणतील, म्हातारीला शेवटी शेवटी मोठेपणाची हाव सुटली."

"म्हणू दे. ताई, माझं सोड, मी मेलेल्या पट्ट्यांचा ट्यूनर म्हणून मरेन. पण तू जे डोकं लढवलंस, बाराही सुरांवर, महिनोन्‌महिने, आई घास घे म्हणत असताना, ते सगळं तू एका भंगाराच्या नावावर करून टाकलंस. उद्या तिथे पाटी लागेल, आणि पाटीवर मोठेपणा पियानोचा असेल. तू नुसती त्याच्यासमोर बसलेली बाई."

ते तिला लागलं. मला दिसलं ते. पण तिने मान हलवली. "लोकांना ती गोष्ट आवडते. मला भीती वाटते, खरं सांगते. गोष्ट काढून घेतली आणि मागे जे उरेल ते आवडलं नाही तर?"

भावोजी महिन्यातून एखादं वाक्य बोलतात. त्या महिन्याचं त्यांनी तेव्हा वापरलं. तार पुसता पुसता म्हणाले, "मी तर गोष्टीच्या आधी ते उरलेलंच ऐकलं होतं."

ताईने त्यांच्याकडे पाहिलं, पण म्हणाली ते पुन्हा तेच, "करून दे त्याला. माझं ऐक."

मी ऐकलं. थोरली बहीण आहे, आणि रुसलेलो असलो की मी सांगितलेलं काम हटकून करतो, म्हणजे समोरच्याला जास्त लागतं. विद्यालयात जाऊन पियानोचं वरचं झाकण उघडलं आणि डावीकडच्या चार सुरांच्या तारांमध्ये फेल्टच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, चार पाचरी दाबून बसवल्या. ट्यूनरकडे अशा पाचरी असतातच; एक तार लावताना शेजारची गप्प बसावी म्हणून लावायच्या आणि काम झालं की काढायच्या. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्या लावून झाकण बंद केलं. पट्टी दाबली की नुसतं ठक. संचालकाने चारही दाबून पाहिल्या आणि त्याचे डोळे भरून आले. "हाच तो आवाज," म्हणाला. मी हत्यारं पिशवीत भरली.

समारंभ दुपारी होता. सभागृह खच्चून भरलेलं. मागे भिंतीला टेकून विद्यालयाची पोरं उभी होती. नवीन पाटीवर ताईचं नाव होतं आणि नावाखाली त्या पियानोचं चित्र. मी पहिल्या रांगेत बसलो होतो, कारण ताईच्या भावाला पहिल्या रांगेत बसवतात, आणि हाताची घडी घातली होती, कारण माझा राग अजून गेला नव्हता. भावोजी व्यासपीठावर बेस धरून उभे होते.

संचालक चांगला बोलला. मनापासून बोलला. आपण शाळेत असताना ताईची पहिली रेकॉर्ड ऐकली आणि डावा हात काय करतोय तेच कळेना, म्हणून सुई उचलून उचलून ती रेकॉर्ड झिजवली, हे त्याने सांगितलं. मग तो पियानोकडे वळला. "मॅडम, आमची एक विनंती आहे. त्या चार पट्ट्या एकदा आम्हाला ऐकवा."

ताईने पहिली दाबली. ठक. सभागृहात मायेचं हसू पसरलं. दुसरी. ठक. टाळ्या पडल्या. तिसरी दाबली तेव्हा मागची पोरं ओरडायलाच लागली. मी माझ्या बुटांकडे बघत होतो.

टाळ्या थांबायची वाट बघून संचालक म्हणाला, "मॅडमनी आपल्याला काय काय दिलं ते आपण जाणतोच. पण मॅडमना ते ज्याने दिलं, तो हा पियानो."

चौथ्या पट्टीवर ताईचं बोट होतं. ते तिने उचललं.

"काय म्हणालास?"

त्याला वाटलं, तिला ऐकू आलं नाही. त्याने माइक जवळ धरून पुन्हा सांगितलं, आणखी मोठ्याने. "तुम्हाला ते ज्याने दिलं, तो हा पियानो, मॅडम."

ताई स्टुलावरून अर्धी वळली आणि पहिल्या रांगेत मला शोधलं. "धाकट्या, वर ये."

सगळ्या सभागृहासमोर धाकट्या! माझे केस पिकले आहेत. पण पाय आपोआप उठले.

"काढ त्या," ती म्हणाली.

मी झाकण उघडलं, हात आत घातला आणि चारही पाचरी एकामागून एक ओढून काढल्या. लोक माना उंच करून बघत होते. कुणाला वाटलं असेल काही बिघडलं म्हणून. ताईने पहिली पट्टी दाबली. खणखणीत सूर निघाला आणि तिने तो पूर्ण विरेपर्यंत धरून ठेवला. मग दुसरी. तिसरी. चौथी. चारही सूर सभागृहभर घुमले, आणि मी देवाशपथ सांगतो, एकही तसूभर हलला नव्हता.

"ऐकलंत?" ताई माइकशिवायच बोलली. तिचा आवाज बारीक आहे, पण तेव्हा शेवटच्या भिंतीपर्यंत गेला. "त्या संध्याकाळी हा पियानो असाच वाजत होता. माझ्या या भावाने सकाळी लावला होता तो, आणि वडिलांनी तपासला होता. एकही पट्टी मेली नव्हती. कॅप्टन मला काढून टाकत होता, म्हणून मी पट्ट्या अडकतात असं सांगितलं. ते खोटं होतं. आणि ते खोडायला मला इतका उशीर झाला, याची मला लाज वाटते."

टाळ्या वाजवायच्या की नाही हे कुणाला कळेना. संचालकाचा चेहरा पांढरा पडला होता. पण मी म्हटलं ना, माणूस वाईट नाही. तो माइक खाली ठेवून पियानोजवळ आला आणि वर्गात विचारावं तसं त्याने विचारलं, "मग मॅडम, तो सूर तुम्ही का सोडलात?"

ताईने डाव्या हाताने जुन्या पद्धतीची कॉर्ड वाजवली, पायासकट, जाडजूड. "हे सगळे वाजवत होते." मग हात वर सरकवला आणि पाया सोडून आपली वाजवली. सभागृहात कुणीतरी श्वास घेतला तो मला ऐकू आला. भावोजींनी खाली एक सूर धरला. ताईने हनुवटी जराशी हलवली, भावोजींनी सूर बदलला, आणि ताईच्या हाताखालच्या त्याच पट्ट्या, तिने बोटही न हलवता, दुसरीकडे कुठेतरी जाऊन उभ्या राहिल्या.

"हे मला हवं होतं," ती म्हणाली. "हे मला या पियानोने दिलं नाही. मी विशीतली पोर होते आणि मला पक्कं ठाऊक होतं मी काय करतेय. मी ते मुद्दाम केलं."

मग तिने स्टूल नीट ओढून घेतलं, भावोजींकडे बघून "चला" म्हणाली आणि वाजवायला लागली. मी खाली उतरायचं विसरलो. चार पाचरी मुठीत धरून पियानोला टेकून उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर ढसाढसा रडलो. माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं.